वर्ष कुणाचं?

मे महिन्यातली टळटळीत दुपार. या वेळेला माझ्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. पोरगा काउंटरवर डुलक्या घेतो आणि मी मुदत संपत आलेल्या पट्ट्या परत पाठवायला बाजूला काढत बसते. तेवढ्यात ब्लड बँकेच्या पीआरओंचा फोन आला. गडी खणखणीत आवाजाचा, शिबिरात त्यांना माईक लागत नाही. "मॅडम, तुम्ही रोटरी क्लबच्या सेक्रेटरी, म्हणून तुम्हालाच विचारतो. चौदा जूनला तुमच्या डॉक्टरांचा कॅम्प आहे. एक जुलैला तुमच्या शेठनी लावलाय. हॉल तोच, गाव तेच, माणसंही तीच. मी रक्त काढू कुणाचं?" मी हसले, तेही हसले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आत्ता येऊन माझा फ्रीज बघा एकदा. कॉलेजं बंद, निम्मा तालुका लग्नांत, निम्मा गावाला गेलाय. पेशंटचे नातेवाईक दारात उभे. आत्ता कुणाचं वर्ष चालूय तुमच्याकडं?"

"डॉक्टरांचंच. तीस जूनपर्यंत."

"मग?"

त्यांना दुसरा फोन आला आणि माझी सुटका झाली. पण तो 'मग' काही जाईना. सुटे पैसे मोजताना, रात्री कुकर लावताना मधेच टोचायचा.

रोटरीत काळ मोजायची रीत निराळी आहे. दरवर्षी अध्यक्ष नवा, आणि त्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं; लायन्सवाल्यांचंही तसंच. पण आम्ही तारखेनं बोलत नाही, माणसानं बोलतो. वैकुंठरथ कधी आणला? वकीलसाहेबांच्या वर्षात. एसटी स्टँडवरची पाणपोई कधी झाली? मास्तरांच्या वर्षात. ती बंद कधी पडली, हे मात्र कुणाच्याच वर्षात नसतं. चालू वर्ष आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं आणि येणारं वर्ष सिमेंट-सळईवाल्या शेठचं. मी दोघांचीही सेक्रेटरी, कारण हे पद दुसरं कुणी घेत नाही. क्लबात मला 'वहिनी' म्हणतात. नवऱ्याच्या निधनानंतर मी स्वतः सभासद झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला, तरी वहिनीच. त्याआधी मी 'ॲन' होते. रोटेरियनच्या बायकोला आमच्याकडं तसं म्हणतात. ॲनचं काम पदग्रहणाच्या दिवशी एकसारख्या साड्या नेसून पाहुण्यांना गुलाब देणं. 1989 पर्यंत बायकांना सभासद होताच येत नव्हतं, हे मी तरुण मुलींना सांगते तेव्हा त्यांना ते खूप जुन्या काळातलं वाटतं. मला वाटत नाही.

तर शेठच्या वर्षाची ध्येयं ठरवायची बैठक त्याच आठवड्यात झाली. हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून. भावी अध्यक्षांचं एक प्रशिक्षण असतं, पेट्स नावाचं. तिथून शेठ नवी बॅग, नवी डायरी आणि नवीच भाषा घेऊन आले होते. गोल मोजता आला पाहिजे, गोलला तारीख पाहिजे, गोल गाठता येण्यासारखा पाहिजे. सगळं बरोबरच होतं. पडद्यावर रोटरीच्या संकेतस्थळावरचा तक्ता लागला. सभासद किती वाढवणार, फाउंडेशनला डॉलर किती देणार, पोलिओला किती, सेवाप्रकल्प किती, पेपरात किती वेळा नाव येणार. गेली काही वर्षं अशी पंचवीसएक ध्येयं असायची, त्यातली निम्मी साधली की क्लबला सायटेशन, म्हणजे रोटरीचं प्रशस्तिपत्र, मिळायचं. याशिवाय आपल्या डिस्ट्रिक्टचे, म्हणजे भागातल्या क्लबांच्या संघाचे, गुण वेगळे. आमच्या खजिनदारांनी बटाटेवड्याचा तेलकट हात कागदाला पुसत विचारलं, "ब्लडचं यंदा किती?" "दोनशे सत्तर, अजून चौदा जून बाकी आहे." "मग तीनशे लिहा." लिहिलं. झाडांचंही तसंच झालं, शाळेतल्या हात धुण्याच्या नळांचंही. मागच्या आकड्यावर थोडं चढवायचं, म्हणजे मागच्यापेक्षा आपण सरस आणि फार जिवावरही यायला नको. भाजीमंडईत सौदा होतो तेव्हासुद्धा माल एकदा हाताळून बघतात. आम्ही तेवढंही केलं नाही.

यात शेठचा दोष नाही, तेही सांगितलं पाहिजे. गावात सेवेच्या नावानं जे काही होतं, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी हौसेवर होतं. पदग्रहणाच्या रात्री मावळता अध्यक्ष आपल्या गळ्यातली कॉलर उतरवून नव्याच्या गळ्यात घालतो, हातोडा हातात देतो, टाळ्या वाजतात, पहिल्या रांगेत आई बसलेली असते. सळईच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाचे डोळे तेव्हा भरून आलेले मी पाहिलेत. नंतर 'फेलोशिप', म्हणजे जेवण. बासुंदी, मसालेभात, पंख्याखाली घामेजलेले कोट. या एका वर्षासाठी माणूस खिशातले लाखभर रुपये सहज घालतो, धंदा भावावर सोपवतो, इंग्रजीत भाषण पाठ करतो. 'आपलं वर्ष' ही कल्पना काढून टाकली तर निम्मे क्लब दिवाळीच्या आत बंद पडतील. माझं भांडण हौसेशी नाही. हौस किती वेळ टिकते आणि ती कुठं बघत असते, याच्याशी आहे.

आमचं वर्ष ज्या दिवशी सुरू होतं, तो दिवसही गमतीदार. 1 जुलै हा डॉक्टर्स डे, बिधनचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही. त्याच दिवशी सीए डे. महाराष्ट्रात तोच कृषी दिन, वसंतराव नाईकांची जयंती. त्यामुळं सकाळी आठला डॉक्टरांचा सत्कार, दहाला सीएंना गुलाब, बाराला कुठल्यातरी बांधावर झाडं, आणि दुपारी शेठच्या मनातलं रक्तदान. संध्याकाळपर्यंत चार प्रकल्पांचे फोटो ग्रुपवर. पहिल्या दिवशी एवढी घाई, आणि बाहेर पाऊस पडला असेल तर शेतकरी पेरणीत. त्याला कृषी दिनाचा हार घ्यायला सवड नसते. एका वर्षी सत्काराला आलेला शेतकरी कुरीचं भाडं चालू आहे म्हणून हार न काढताच मोटारसायकलवर बसून गेला होता. फोटो चांगला आला.

आमच्या वर्षाचं गावाच्या वर्षाशी कसं जुळत नाही, हे खरं कळतं ते पालखीत. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की आमच्या भागातला प्रत्येक क्लब रस्त्यावर असतो. मालिश, मोफत दाढी-कटिंग, चपला शिवून देणं, औषधं. आता वारी तिथीनं चालते आणि आम्ही तारखेनं. 2023 मध्ये आषाढी एकादशी 29 जूनला होती. 2024 मध्ये, मधे अधिक श्रावण येऊन गेल्यामुळं, ती 17 जुलैला गेली. म्हणजे 1 जुलै 2023 ते 30 जून 2024 ज्यांचं वर्ष होतं, त्या अध्यक्षांच्या वाट्याला पालखी आलीच नाही. आधीची त्यांच्या पदग्रहणापूर्वी पंढरपूरला पोहोचली, नंतरची त्यांनी कॉलर उतरवल्यावर आमच्याकडं आली. आणि त्यांच्या पुढच्याला दोन मिळाल्या, कारण 2025 मध्ये पालखी जूनअखेरीलाच आमच्या भागातून गेली. मार्गावरच्या कुठल्याही क्लबात विचारा, याच्यावरून झालेली कुरबूर ऐकायला मिळेल. आमच्याकडं त्या कोरड्या गेलेल्या अध्यक्षांनी "निदान बॅनरवर माझंही नाव टाका, वर्गणी मी गोळा केली होती" असं म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. वारकऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

पालखीतल्या आमच्या औषधांच्या टेबलावर मी दरवर्षी बसते. चिखल, भिजलेलं कांबळं, बुक्का आणि बाम यांचा मिळून एक वास असतो, तो तीन दिवस केसांतून जात नाही. आमची पेटी ठरलेली: अंगदुखीच्या गोळ्या, तापाच्या, ओआरएस, मलमपट्टी, बाम. रजिस्टरवर नुसती रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. रात्री रेघा मोजून 'लाभार्थी' लिहायचे. एकदा एक आजी आल्या, परभणीकडच्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली न ठेवता म्हणाल्या, "माय, बीपीची गोळी दे. पांढरी, बारकी." कुठली, किती पॉवरची? लुगड्याच्या ओच्यातून त्यांनी औषधाच्या पट्टीचा एक कापलेला तुकडा काढला. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या आणि नाव छापलेला भाग फाटून गेला होता, नुसता चंदेरी कागद. "गावाकडून पंधरा घेऊन निघाले, वाटेत दिंडीतल्या एकीला दिल्या." त्यांचा रक्तदाब आम्ही बघितला, बराच वर होता. माझ्या पेटीत त्यावरचं एकही औषध नव्हतं, कारण यादी दुखण्याखुपण्याची होती आणि ती अनेक वर्षं कुणी बदललीच नव्हती. डॉक्टरांना फोन लावला, दुकानातून गोळ्या मागवल्या, तोवर आजींची दिंडी पुढं निघाली होती. पोरगा मोटारसायकलवरून पुढच्या विसाव्यापर्यंत जाऊन देऊन आला. रात्री रेघा मोजताना या आजींची रेघ एकच. बामाच्या डबीची एक आणि हीही एक.

त्यानंतर मी टेबलावर बसल्या बसल्या विचारायला लागले, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, आणि किती उरल्यात. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या निम्म्या वाटेत संपलेली माणसं इतकी असतात की आता माझी अर्धी पेटी त्या गोळ्यांनीच भरते. पण तक्त्यात याला रकाना नाही. तिथं फक्त एकूण लाभार्थी.

रकान्यावरून मला खडूची आठवण येते. मी ॲन असताना पल्स पोलिओच्या रविवारी आम्हाला बूथवर बसवत. पांढऱ्या पेटीत बर्फाच्या लाद्यांमध्ये लसीच्या कुप्या. कुपीवर एक गोल आणि गोलात चौकोन. सिस्टर दर वेळी कुपी उजेडात धरून बघायच्या की चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना. गडद झाला म्हणजे लसीला उष्णता लागली, फेकून द्या. दोन थेंब, मग डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. आमच्या क्लबनं शिट्ट्या आणि टोप्या वाटल्या होत्या, फोटोही खूप निघाले. पण खरं काम सोमवारपासून सुरू व्हायचं, आणि त्यात फोटो नव्हते. सिस्टर, अंगणवाडीच्या ताई आणि कुणी स्वयंसेवक घरोघर फिरायचे आणि भिंतीवर खडूनं खूण करायचे. सगळ्या पोरांना लस मिळाली असेल तर 'पी'. एखादं जरी राहिलं असेल, घर बंद असेल, आईनं नाही म्हटलं असेल, तर फुली. संध्याकाळी आरोग्य केंद्रात बैठक व्हायची, तिथं मोठ्या डॉक्टरीणबाई 'पी' किती झाले हे विचारायच्याच नाहीत. "फुल्या किती राहिल्या? कुठल्या गल्लीत? उद्या कोण जाणार?" एवढंच.

एकदा सिस्टरांबरोबर मीही गेले होते, उसाच्या फडात. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी ऐन भरात असते आणि बीडकडच्या टोळ्यांची खोपटी कारखान्याच्या आसपास पडलेली असतात. पाचटाच्या खोपटाला ना भिंत ना दार. फुली मारायची कुठं? सिस्टरांनी वहीत मुकादमाचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर आणि पोरांची वयं लिहून घेतली. पाचटाचा धूर डोळ्यांत जात होता, एक बाई वाढे बांधता बांधता कडेवरचं पोर पुढं करत होती आणि म्हणत होती, "अजून एक हाय, बैलापाशी निजलंय." सिस्टर बैलगाडीखाली वाकल्या, झोपलेल्या पोराचं तोंड दोन बोटांनी उघडलं, दोन थेंब. पोर उठलंसुद्धा नाही. ते पोर त्या दिवशी सुटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. टोळी आठवड्यात दुसऱ्या फडावर गेली असती.

पोलिओचं ध्येय हे आमच्या संस्थेनं धरलेलं सगळ्यात मोठं ध्येय. रोटरीनं ते 1985 मध्ये घेतलं. 1988 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं ठरवलं की 2000 सालापर्यंत जगातून पोलिओ घालवायचा. गेला नाही. मग 2005 म्हणत होते, रोटरीची शंभरी होती. तेव्हाही नाही. 2009 मध्ये एकट्या भारतात 741 मुलांना पोलिओ झाला, जगात सर्वांत जास्त. आमच्या पेट्सच्या भाषेत बोलायचं तर गोल हुकला, पुनःपुन्हा हुकला. पण कुणी तो सोडून दुसरा सोपा घेतला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून देणगीची पेटी आजही फिरते. या काळात आमच्या क्लबात कितीतरी अध्यक्ष होऊन गेले, पोलिओ यांच्या वर्षात गेला की त्यांच्या, असं भांडण मात्र कुणी केलेलं ऐकलं नाही. मला वाटतं ते शक्यच नव्हतं. फुल्या मोजायला लागलं की वर्ष कुणाचं हा प्रश्नच उरत नाही, कारण राहिलेल्या घरांची यादी पुढच्याच्या हातात द्यावीच लागते.

आता रक्ताकडं येते. पुरुषानं एकदा रक्त दिलं की पुढचे 90 दिवस त्याला देता येत नाही, बाईला 120 दिवस. म्हणजे 14 जूनला डॉक्टरांच्या कॅम्पमध्ये जो तरुण हात पुढं करेल, तो 12 सप्टेंबरपर्यंत शेठच्या काही कामाचा नाही. 14 जून हा जागतिक रक्तदाता दिन, शिवाय मावळत्या अध्यक्षाचा आकडा पुरा करायची शेवटची संधी. 1 जुलै उगवत्याचा पहिला दिवस. दोघांमध्ये सतरा दिवस. आणि काढलेलं रक्त तरी किती टिकतं? लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणं 35 किंवा 42 दिवस, प्लेटलेट तर पाचच दिवस. माझ्या दुकानात कुणी वर्षभराचा माल एकाच दिवशी आणून ओतला आणि पावती घेऊन गेला, तर मी त्याला दारात उभं करणार नाही. ब्लड बँकेला मात्र तोंड दाबून हसत उभं राहावं लागतं, कारण मागून कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस येणार असतो आणि त्याचाही कॅम्प घ्यायचा असतो. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना कुणाचा वाढदिवस ठाऊक नसतो.

आणि त्याच कॅम्पमधली आणखी एक गोष्ट. रक्त घेण्याआधी बोटातून एक थेंब काढतात आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर असेल तर थेंब सरळ तळाशी जातो. कमी असेल तर मधेच घुटमळतो, तरंगतो. मी त्या टेबलाशेजारी उभी असते. बचत गटाच्या बायका येतात, टिकल्या लावून, "आमचंबी घ्या" म्हणत, एकमेकींना ढोसत. एकीचा थेंब तरंगतो. दुसरीचा जरा खाली जाऊन वर येतो. तिसरीचाही. टेक्निशियन न बघताच म्हणतो, "ताई, तुमचं नाही चालणार. पालेभाजी खा." मग त्यांना बिस्किटाचा पुडा देऊन पाठवतात. पुडा हातात घेऊन त्या हसतात, थोड्या ओशाळून, आपल्यातच काही खोट निघाल्यासारखं. मागच्या कॅम्पला मी परत गेलेल्यांची नावं रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायला लागले, तेव्हा खजिनदार म्हणाले, "वहिनी, ती कशाला? ती धरायची नाहीत." पान भरलं. खालच्या नावाला जागा पुरेना म्हणून मी ते समासात उभं लिहिलं. त्यातल्या काही बायका नंतर दुकानात आल्या, लोहाच्या गोळ्यांची किंमत विचारायला. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात म्हटल्यावर एक म्हणाली, "तिथं मजुरी बुडवून जावं लागतं." रक्तदानाचा आकडा त्या वर्षी उत्तम झाला, ट्रॉफी मिळाली. ती हॉटेलच्या काउंटरमागं आहे, गणपतीशेजारी.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. मला भाषण येत नाही. मी फक्त कॅलेंडर पुढं ठेवलं, त्याच्यावर 90 दिवसांच्या उड्या मारून. डॉक्टर म्हणाले, "चौदा जून मी सोडणार नाही, बॅनर छापलाय." ठीक. शेठ म्हणाले, "मग एक जुलै मी सोडायचा?" बारा सप्टेंबरनंतरची तारीख घ्या, म्हटलं, दुसरा कॅम्प जानेवारीत, आणि तिसरा मेमध्ये. आकडा तीनशेचाच राहू दे. शेठनी कॅलेंडरची पानं उलटली. "जुलैत मी नवा असतो वहिनी, फोन केला की माणसं येतात. मेमध्ये माझं वर्ष संपत आलेलं असतं. तेव्हा सगळे पुढच्याच्या मागं. मला कोण विचारतंय?" हे ते इतकं सरळ बोलून गेले की हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही सुचेना. सत्ता जाताना माणसाला कसं वाटतं, हे आमच्या क्लबइतकं स्वस्तात दुसरीकडं कुठं शिकायला मिळत नसेल.

वकीलसाहेबांनी तोडगा काढायचा म्हणून सांगितलं की मेचा कॅम्प चालू आणि येणाऱ्या, दोन्ही अध्यक्षांच्या नावानं लावावा. त्यावर आकडा कुणाच्या खात्यात, अशी अर्धा तास चर्चा झाली. मी तेवढ्यात तक्त्याखाली हातानं एक ओळ ओढली आणि 'परत गेलेल्या' असं लिहिलं. शेठनी विचारलं, "याला गुण आहेत?" नाहीत म्हटलं. "मग राहू दे, जागा आहे तर. गोळ्यांचा खर्च किती येईल?" मी सांगितला. एवढाच ना, म्हणाले. हा माणूस मला का आवडतो ते अशा वेळी कळतं.

वडे संपले, एसीखालची बादली वेटरनं दुसऱ्यांदा रिकामी केली. शेठ मोबाईलवर घरी कुणाशी तरी बोलत होते, मुहूर्त, कार्यालय, अ‍ॅडव्हान्स असलं काहीतरी. फोन ठेवून म्हणाले, "पुतण्याचं लग्न पुढच्या मेमध्ये धरलंय. कार्यालय दोन दिवस आपल्याच ताब्यात. हजार माणूस येणार, जेवलेलं, रिकामं बसलेलं. तिथंच लावू कॅम्प. पत्रिकेत छापतो, आहेर नको, रक्त द्या." डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. मी 'मे' पुढच्या चौकटीत शंभर लिहायला घेतलं, तेवढ्यात शेठनी माझा हात धरला.

"पण आकडा आपल्याच क्लबचा धरायचा हं, वहिनी. मुलीकडच्या गावातलाही क्लब आहे. व्याही तिथले पास्ट प्रेसिडेंट आहेत, त्यांच्या कानावर आधी घाला."